हरवलेल्या पाण्याचा हिशेब

वर्धा जिल्ह्यातील आर्वीसारख्या तालुक्याच्या गावी पोटाच्या तक्रारीवरची औषधे तीन ठिकाणी मिळतात. किराणा दुकानात इसबगोल, एरंडेल, सोनामुखी, हिरडा आणि मुरडशेंग असते. औषधांच्या दुकानात ओकारी थांबवणाऱ्या, जुलाब थांबवणाऱ्या आणि पोट साफ करणाऱ्या गोळ्या मिळतात. सरकारी दवाखान्यात आणि गावातल्या आशाताईंकडे जलसंजीवनीची पुडी असते. ती पुडी तिन्हींत सर्वांत स्वस्त आणि दिसायला सर्वांत साधी; मीठ, साखर आणि आणखी दोन क्षार यांचे ते मिश्रण. पण या पुडीमागचा इतिहास सर्वांत लांबलचक आहे आणि तिने वाचवलेले जीवही सर्वांत जास्त आहेत.

परिचारिकांच्या औषधशास्त्राच्या पुस्तकात मळमळ, जुलाब आणि बद्धकोष्ठ या तीन तक्रारींवरची औषधे बहुधा शेजारी शेजारी शिकवली जातात. वरवर पाहता हे विचित्र वाटेल. जुलाब आणि बद्धकोष्ठ तर एकमेकांच्या विरुद्ध टोकाच्या तक्रारी! पण थोडा विचार केला की लक्षात येते, तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: आतड्यातले पाणी कुठे गेले? हा प्रश्न नीट विचारायला माणसाला फार वर्षे लागली. त्या प्रवासाची ही गोष्ट आहे.

आतड्याचा जमाखर्च

प्रथम जमाखर्च पाहू. मोठा माणूस दिवसभरात अन्नपाण्यातून सुमारे दोन लिटर द्रव घेतो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्राव मिळून आणखी सुमारे सात लिटर द्रव शरीर स्वतःच आतड्यात ओतते. म्हणजे रोज जवळजवळ नऊ लिटर द्रव आतड्यात येतो. यातला बहुतेक लहान आतडे शोषून घेते, उरलेला लिटर-दीड लिटर मोठे आतडे शोषते आणि शेवटी मलातून जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर पाणी बाहेर जाते.

हा व्यवहार किती नेटका आहे पाहा. शोषण थोडे कमी झाले किंवा स्राव थोडा वाढला, की मल पातळ होतो. उलट मल मोठ्या आतड्यात जास्त वेळ रेंगाळला, तर त्यातले पाणी शोषले जात राहते आणि तो कोरडा व कठीण होतो. ओकारीत तर आत गेलेले पाणी आतड्यापर्यंत पोचतच नाही. पटकीत हा हिशेब पूर्ण कोलमडतो. जोराच्या पटकीत रोगी तासाला लिटरभरापर्यंत पाणी गमावू शकतो. पाण्याबरोबर मीठ जाते, रक्त दाट होते, नाडी लागेनाशी होते आणि काही तासांत मृत्यू येतो.

मोडशी, पटकी, मरीमाय

या रोगाची आपल्याकडची नावेच त्याचे वर्णन करतात. गोव्यात गास्पार कोरेया या पोर्तुगीज लेखकाने १५४३ च्या एका भयंकर साथीची हकिगत लिहून ठेवली आहे. पुढे १५६३ मध्ये गोव्यातच छापल्या गेलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्याने याच रोगाचे वर्णन केले. दोघांनीही त्याचे स्थानिक नाव दिले आहे, आणि ते नाव म्हणजे आपली ‘मोडशी’. अंग मोडून टाकणारी ती मोडशी. गंमत अशी, की हाच शब्द फ्रेंचांच्या कानी पडला तेव्हा त्यांनी त्याचे आपल्या भाषेत ‘कुत्र्याचे मरण’ असे रूप करून टाकले!

१८१७ मध्ये बंगालमध्ये उसळलेली साथ मात्र पूर्वीच्या सर्व साथींहून मोठी ठरली. लष्कराच्या, व्यापाऱ्यांच्या आणि यात्रेकरूंच्या वाटांनी ती पसरत गेली. १८१८ मध्ये ती नागपूरला पोचली आणि त्याच वर्षी मुंबईलाही. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षे पटकी आपल्या गावांची पाठ सोडत नव्हती. वैदर्भीय खेड्यांच्या शिवेवर मरीमायची ठाणी आजही दिसतात. ज्या रोगापुढे कोणतेच औषध चालत नव्हते, त्याच्यापुढे लोकांनी हात जोडले, यात नवल नाही.

थांबवणारे आणि झाडून काढणारे

त्या काळचे डॉक्टर तरी काय करत होते? त्यांच्या हाती मुख्यतः दोन उपाय होते. पहिला अफूचा अर्क. अफूने आतड्याची हालचाल मंदावते, वेदना कमी होतात आणि जुलाब थांबल्यासारखे वाटतात. दुसरा उपाय नेमका उलट, म्हणजे कॅलोमेल. हा पाऱ्याचा क्षार जुलाब करवतो. शरीरातले दूषित द्रव्य झाडून काढावे ही त्यामागची कल्पना. पुष्कळदा दोन्ही एकाच वेळी दिली जात. शिवाय शीर कापून रक्त काढण्याची पद्धत होतीच. आधीच ज्याचे रक्त पाण्यावाचून दाट झाले आहे, त्याचेच रक्त काढायचे! आज हे वाचून अंगावर काटा येतो. पण ती माणसे निष्काळजी नव्हती. जे डोळ्यांना दिसत होते ते थांबवायचे किंवा पुरते बाहेर काढायचे, एवढाच विचार त्यांना सुचत होता. गेले ते परत द्यावे, हा विचार अजून कुणाच्या मनात पक्का झाला नव्हता.

आपल्या घरातही हेच दोन विचार नांदत होते. बाळगुटीचेच उदाहरण घ्या. सहाणेवर उगाळल्या जाणाऱ्या हिरड्याने पोट साफ व्हावे आणि मुरडशेंग-जायफळाने मुरडा व जुलाब आवरावेत, अशी तिची रचना. त्यात वळसे मोजून देण्याची शिस्त तरी होती. पण मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आयांना बाळ शांत झोपावे म्हणून बाळगोळीचा आधार घ्यावा लागे आणि त्या गोळीत अफू असे. बाळ झोपे, जुलाबही थांबत; पण तान्ह्या जिवाला अफूचे विष किती सोसणार?

लीथमधील अर्धा तास

१८३१ मध्ये पटकी इंग्लंडमध्ये पोचली. विल्यम ओशॉनेसी या अवघ्या बावीस-तेवीस वर्षांच्या डॉक्टरने रोग्यांचे रक्त तपासले आणि दाखवून दिले, की रक्तातले पाणी आणि क्षार कमी झाले आहेत आणि तेच मलात सापडतात. (हेच गृहस्थ पुढे कलकत्त्याला आले आणि हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे त्यांच्याच देखरेखीखाली उभे राहिले.)

त्यांचे लेखन वाचून स्कॉटलंडमधील लीथ येथील डॉ. थॉमस लट्टा यांनी १८३२ मध्ये धाडस केले. मरणाच्या दारी असलेल्या एका वृद्धेच्या शिरेत त्यांनी मिठाचे पाणी हळूहळू सोडले. अर्ध्या तासात सुमारे साडेतीन लिटर पाणी गेले आणि खोल गेलेले डोळे उजळले, नाडी लागली, बाई बोलू लागल्या. समाधानाने डॉक्टरांनी त्यांना दुसऱ्यांच्या हवाली केले. पण जुलाब-ओकाऱ्या चालूच होत्या आणि पाणी देणे मात्र थांबले होते. साडेपाच तासांत त्या दगावल्या.

आम्हाला ही घटना फार बोलकी वाटते. उपाय बरोबर होता, पण हिशेब अपुरा राहिला. जोवर पाणी जात आहे तोवर ते देत राहिले पाहिजे. म्हणजे औषधाइतकेच महत्त्व रोग्याजवळ बसून मोजून पाणी देणाऱ्या माणसाला आहे. लट्टा पुढच्याच वर्षी वारले, साथ ओसरली आणि हा मार्ग जवळजवळ विसरला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी सर लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात शिरेतून मिठाचे पाणी देण्याची पद्धत बसवली, तेव्हा पटकीतील मृत्यूचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले.

बाटलीपर्यंतचे अंतर

पण सलाईनची बाटली होती कुठे? मोठ्या शहरांतल्या मोठ्या इस्पितळांत. आर्वीहून वर्धा रस्त्याने पन्नास किलोमीटरहून अधिक लांब. १९१७ मध्ये पुलगाव-आर्वी ही नॅरोगेज रेल्वे सुरू झाली. सुमारे पस्तीस किलोमीटरची ती गाडी कापसाच्या गाठींसाठी सोयीची होती. पण पटकीचा रोगी गाडीच्या वेळापत्रकाची वाट पाहू शकत नाही. एखाद्या खेड्यातून बैलगाडीने आर्वी, तिथून पुलगाव आणि मग पुढे, एवढ्या वेळात शरीरातले पाणी संपून जाई.

१९३९ मध्ये तरुण डॉक्टर सुशीला नायर सेवाग्रामला (त्या वेळचे नाव शेगाव) आल्या आणि लवकरच वर्ध्यात पटकीची साथ उद्‌भवली. ती त्यांनी जवळजवळ एकहाती हाताळली. त्या काळी साथीत करायच्या गोष्टी ठरलेल्या असत: लस टोचायची, विहिरीत लाल औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट टाकायचे, पाणी उकळायला सांगायचे आणि रोग्यांची शुश्रूषा करायची. गांधीजींनी त्यांच्या सेवावृत्तीचे कौतुक केले आणि पुढे त्या गांधीजींच्या डॉक्टर झाल्या. स्वतः गांधीजींना बद्धकोष्ठाचा जुना त्रास. दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी वरचेवर घ्यावी लागणारी रेचके सोडून पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवण्यास सुरुवात केली होती. सेवाग्रामच्या आश्रमातही मातीची पट्टी, एनिमा आणि आहाराचे पथ्य हेच त्यांचे उपचार असत. सगळेच उपचार आजच्या कसोटीवर टिकतील असे नाही. पण शुश्रूषा कुणालाही शिकता आली पाहिजे आणि उपचार खेड्यात मिळाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह पुढे वेगळ्याच वाटेने खरा ठरला. डॉ. नायर यांच्याच पुढाकाराने १९६९ मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

साखरेचा हात धरून मीठ

शिरेऐवजी तोंडाने पाणी दिले तर? ते जुलाबावाटे जसेच्या तसे बाहेर पडेल, असेच बहुतेक डॉक्टरांना वाटे. १९५३ मध्ये कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १८६ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. हे रुग्ण सौम्य व मध्यम पटकीचे होते. ओकारी थांबण्यासाठी त्यांनी अ‍ॅव्होमिन, जुलाबासाठी पानओव्याचा रस आणि पिण्यासाठी लिटरभर पाण्यात चार ग्रॅम मीठ व पंचवीस ग्रॅम ग्लुकोज असे द्रावण दिले. एकही रुग्ण दगावला नाही. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, किती पाणी गेले आणि किती दिले याची मोजमापेही नव्हती. त्यामुळे जगाने तिकडे फारसे लक्ष दिले नाही.

१९५९ मध्ये कलकत्त्याच्याच शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवले, की पटकीचे जंतू एक विष सोडतात आणि त्या विषामुळे आतड्यात पाणी ओतले जाते. आतड्याचे अस्तर मात्र शाबूत राहते. अस्तर शाबूत असेल तर त्याची शोषण्याची शक्तीही शिल्लक असली पाहिजे! आणि १९६० मध्ये प्राग येथील परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी ती शक्ती कशी चालते याची कल्पना मांडली. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शिरतात. साखरेचा हात धरून मीठ आत जाते आणि मिठामागोमाग पाणी. पटकीचे विष हे दार बंद करू शकत नाही.

मनिलात १९६२ मध्ये ही कल्पना आजमावताना द्रावणाचे प्रमाण आणि एकूण द्रवाचा हिशेब जमला नाही आणि पाच रुग्ण दगावले. ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी यातून धडा घेतला. जेवढे गेले तेवढे मोजून द्यायचे, हा नियम त्यांनी केला. १९६८ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की तोंडाने द्रावण दिल्यास गंभीर रुग्णांनाही शिरेतून द्यावे लागणारे पाणी सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी होते.

खरी कसोटी लागली १९७१ मध्ये. बांगलादेश युद्धाच्या काळात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि सीमेवरच्या बनगाव येथे पटकी पसरली. इस्पितळाच्या दोन खोल्यांत सोळा खाटा, बाकीचे रोगी जमिनीवर. सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी निर्णय घेतला. कलकत्त्यात मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरला गेला आणि गरम इस्त्रीने पिशव्या बंद केल्या गेल्या. बनगावला नळ बसवलेल्या पिंपांत द्रावण तयार होई आणि रोग्याचे नातेवाईकच ते पेल्यांनी पाजत. प्रमाण होते लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम सोडा. तीन हजारांवर रुग्णांवर उपचार झाले. सुरुवातीला शंभरांतले सुमारे तीस रुग्ण मरत होते. तोंडावाटे उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३.६ टक्के राहिले. दीडशे वर्षे डॉक्टरांच्या हाती असलेला उपाय त्या उन्हाळ्यात आईच्या हाती आला. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

मग गोळ्यांचे काय?

आता औषधाच्या दुकानातल्या गोळ्यांकडे पुन्हा पाहू या. जुलाब थांबवणारी लोपेरामाइड ही गोळी अफूच्याच मार्गाने चालते. १९६९ मध्ये बेल्जियममध्ये ती तयार झाली. मेंदूवर जवळजवळ परिणाम न करता ती आतड्याची हालचाल मंदावते. मोठ्या माणसाला प्रवासात ती उपयोगी पडते. पण जंतू, विष आणि साठलेले पाणी आतच राहते. बाहेर काही दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त होतो आणि शरीर मात्र शुष्क होत जाते. लहान मुलांचे आतडे तर यामुळे पूर्ण थंडावू शकते. पाकिस्तानात या औषधाच्या थेंबांनी बालके दगावल्यावर १९९० मध्ये ते थेंब मागे घेण्यात आले. तेव्हा लहान मुलाला जुलाब थांबवणारी गोळी देऊ नये. रक्त पडत असेल तर मोठ्यांनीही ती स्वतःच्या मनाने घेऊ नये.

ओकारीवरच्या औषधांचे काम वेगळे. मेंदूतल्या ओकारीच्या केंद्राकडे जाणारे संदेश ती अडवतात. ऑनडॅनसेट्रॉनसारखे औषध डॉक्टरच्या सल्ल्याने एकदा दिले, की पुष्कळदा मुलाच्या पोटात द्रावण टिकते आणि सलाईन टळते. इथे गोळी पाण्याला वाट करून देते.

बद्धकोष्ठावरची औषधे तर सरळसरळ पाण्याचीच कामगिरी करतात. इसबगोल पाणी धरून फुगतो आणि मल मऊ ठेवतो. म्हणून त्याच्याबरोबर भरपूर पाणी प्यावे लागते. लॅक्ट्युलोज आतड्यात पाणी ओढून आणते. सोनामुखी आणि एरंडेल आतड्याला चाळवतात आणि त्यातला पाण्याचा व्यवहारही बदलतात. म्हणूनच रोज रेचक घेण्याची सवय बरी नव्हे.

वर्गात करून पाहण्यासाठी

दोन सोपे प्रयोग सुचवतो. अर्धा पेला पाण्यात चमचाभर इसबगोल टाकून दर पाच मिनिटांनी निरीक्षण करा. आणि काही मनुका साध्या पाण्यात, काही दाट साखरपाकात चार-पाच तास ठेवा. साध्या पाण्यातल्या मनुका टम्म फुगतात, पाकातल्या तशाच राहतात. यावरून विद्यार्थ्यांना विचारा: जुलाब होत असताना फार गोड सरबत किंवा बाटलीतले थंड पेय का देऊ नये? उत्तर त्यांना सापडेल. दाट द्रावण आतड्यातच पाणी ओढून आणते आणि जुलाब वाढतात. याच कारणासाठी २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जलसंजीवनीतील मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी केले. आता लिटरला ग्लुकोज साडेतेरा, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड दीड आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असते.

पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मीठ जास्त होता कामा नये. चव अश्रूंहून खारट लागली तर ते टाकून पुन्हा करावे. द्रावण चोवीस तासांत वापरावे. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण बंद करू नये. सोबत दहा ते चौदा दिवस जस्ताची गोळी द्यावी, असे २००४ पासून सांगितले जाते. डोळे खोल गेले, मूल मलूल झाले, पिणे बंद झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

१९८० च्या सुमारास जगात दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे ४६ लाख मुले जुलाबाने दगावत, असा अंदाज होता. आज तो आकडा साडेचार लाखांच्या आसपास आहे. स्वच्छ पाणी, लसी, पोषण आणि जलसंजीवनी या सर्वांचा त्यात वाटा आहे. पण उरलेली मुलेही बहुतांशी वाचू शकणारीच आहेत. आजही आईबाप दवाखान्यात गेल्यावर जुलाब थांबवणारे औषध मागतात आणि मिठासाखरेची पुडी दिली तर त्यांना फसवल्यासारखे वाटते. कारण पुडीने जुलाब लगेच थांबत नाहीत. ती फक्त मुलाला जिवंत ठेवते आणि जुलाब आपोआप थांबेपर्यंत वेळ मिळवून देते. हा फरक पालकांना समजावून सांगायला औषधशास्त्राची पदवी लागत नाही. आर्वीच्या एखाद्या शाळेतला सातवीचा विद्यार्थीही चमचा हातात धरून तो घरी समजावून सांगू शकेल, जर तो त्याला आपण नीट शिकवला तर.